'टर्बो गेला' म्हणण्याआधी

उज्जैनच्या गॅरेजांमध्ये एक वाक्य फार पटकन उच्चारलं जातं : 'टर्बो गया.' गाडी ओढत नाही, टर्बो गया. मागून निळा धूर येतो, टर्बो गया. सीटीसारखा आवाज येतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तरी टर्बोच गया. पुण्यात, नाशकात हेच वाक्य मराठीत ऐकू येतं. जुनी, वेगवान गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला ते ऐकवलं की दोनपैकी एक गोष्ट होते. तो घाबरून चांगली गाडी सोडून देतो, नाहीतर 'टर्बोचे पैसे कमी करतो' या बोलीवर भलतीच गाडी गळ्यात बांधून घेतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी त्या वाक्यानंतर थांबायचं नसतं, तिथून तपास सुरू करायचा असतो.

उज्जैनमध्ये हा विषय सध्या ऐरणीवर यायला कारणही तसंच आहे. २०२४ पासून इथं विक्रम व्यापार मेळा भरतो आणि त्यात घेतलेल्या गाडीला मध्य प्रदेश सरकार आजीवन वाहनकरात ५० टक्के सूट देतं. गाडीची नोंदणी मात्र उज्जैनच्या आरटीओतच करावी लागते. त्यामुळे 'एमपी १३' पाटीच्या गाड्या आता भोपाळपासून जबलपूरपर्यंत दिसतात, आणि नवी गाडी घेणारे आपली जुनी बाजारात काढतात. त्या जुन्यांमध्ये अधूनमधून असं एखादं रत्न सापडतं, ज्याच्यासाठी विशीतली पोरं तीनशे किलोमीटर प्रवास करून येतात.

या रत्नांचा आणि महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. भारतात टर्बो-पेट्रोल गाडीची गोडी ज्यांनी लावली त्या पहिल्या गाड्यांपैकी एक, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात असे. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ साली चाकणमधून बाहेर पडली. २०१५ साली रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. त्या काळात त्या किमतीच्या हॅचबॅकमध्ये एवढी ताकद भारतात कुणी देत नव्हतं. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ची. यांतली एकही आज शोरूममध्ये मिळत नाही. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, बलेनो आरएस त्याआधीच गेली. म्हणजे ज्याला हवी त्यानं जुनीच शोधायची, आणि जुनीत सगळ्यांत आधी ज्याची भीती वाटते तो भाग म्हणजे टर्बो.

माझा भाचा उज्जैनचाच. शिंद्यांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण त्यांच्याबरोबर माळव्यात आलेली कितीतरी मराठी घरं इथंच राहिली. त्यांतल्याच एका घरातला हा मुलगा. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि गॅरेजात हिंदी. त्यानं एक दहा वर्षांची टर्बो-पेट्रोल हॅचबॅक पाहून ठेवली होती. विकणारा दलाल स्वतःच सांगत होता, "टर्बो थोडा कमजोर है, उसके पैसे कम कर दूँगा." भाच्याला हा प्रामाणिकपणा वाटला. मला त्यात घाई दिसली. "मामा, तुम्ही एकदा येऊन बघा," म्हणाला. मी गेलो, आणि आगर रोडवरच्या एका उस्तादांकडे गाडी नेली.

त्या गॅरेजात काय झालं ते सांगतो, पण त्याआधी हे यंत्र काय आहे ते पाहू.

इंजिनाला जितकी हवा जास्त, तितकं पेट्रोल जास्त जाळता येतं आणि तितकी ताकद जास्त मिळते. एरवी इंजिन आपल्यापुरती हवा स्वतःच ओढून घेतं. ती जबरदस्तीनं भरायची, आणि भरण्यासाठी लागणारी ताकद फुकट जाणाऱ्या धुराकडून घ्यायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधला इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याची. त्यानं १९०५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना कागदावर जितकी सुंदर होती, तितकंच तिला सोसणारा धातू मिळणं अवघड होतं. ब्यूखीला खरं यश मिळायला १९२५ उजाडलं, तेही जहाजाच्या डिझेल इंजिनावर. टर्बो मोटारगाडीत यायला १९६२ साल लागलं आणि तो आला अमेरिकेत.

एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा धुराच्या वाटेत बसतो आणि धुराच्या जोरावर फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा ओढून दाबतो आणि इंटरकूलरमधून गार करून इंजिनाकडे धाडतो. पेट्रोल गाडीत धुराकडच्या बाजूचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत पोहोचतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. एवढ्या वेगात धातू धातूला लागला की संपलंच. म्हणून हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. भोवऱ्याला निदान आरीखाली जमीन लागते, याला तीसुद्धा चालत नाही. तो थर तुटला, घाण झाला किंवा उशिरा पोहोचला की बेअरिंग झिजतं, दांडा डगमगतो आणि पंख्याची पाती घराला घासू लागतात.

आता यातून एक गोष्ट सरळ निघते. टर्बो आपण होऊन क्वचितच मरतो. त्याला कोणीतरी मारतं. ऑइल वेळेवर न बदलणारा मालक मारतो. महामार्गावर तासभर दामटून पेट्रोलपंपावर क्षणात किल्ली फिरवणारा मारतो, कारण ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा बनतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवलेलं असतं, काहींत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप ते फिरवत राहतो. तरीही शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवणं यापेक्षा स्वस्त विमा नाही. स्वस्तातला एअर फिल्टर मारतो. ऑइल परत नेणारी नळी तुंबली तर तीही मारते. म्हणूनच कारण न शोधता नवा टर्बो बसवला, तर तोही पहिल्याच्याच वाटेनं जातो, आणि लहान पेट्रोल गाडीतसुद्धा हा खर्च मजुरीसकट लाखाच्या घरात सहज पोहोचतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उज्जैनहून जेमतेम चाळीस किलोमीटरवर देवास. मराठी माणसाला देवास म्हटलं की कुमार गंधर्व आठवतात, नाहीतर नोटांचा छापखाना. पण याच देवासात १९९० च्या दशकापासून ट्रक-बसचे टर्बो तयार होतात. टाटा होल्सेट या नावानं सुरू झालेला तो कारखाना आज कमिन्सच्या छत्राखाली आहे. त्या कारखान्याच्या सावलीतल्या गावांमध्येही टर्बोबद्दल इतकी भीती आणि इतकं अज्ञान असावं, याची मला हळहळ वाटते.

* * *

भाच्याला मी एकच अट घातली होती : आम्ही येईपर्यंत दलालानं गाडी सुरू करायची नाही. इंजिन पूर्ण थंड असताना पहिल्यांदा किल्ली फिरवली की जो धूर निघतो, तो बरंच काही सांगतो. रात्रभर उभी गाडी सुरू होताच निळसर धुराचा एकच भपका आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं झिजली आहेत. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर आला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. चार-पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवून मग रेस केल्यावर निळा लोट आला, तर टर्बोच्या सीलांकडे बोट जातं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तिथं हवा कुठंतरी निसटते आहे का ते पाहायचं. ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून फक्त धुरावर निकाल देऊ नये. मात्र बॉनेटवर हात ठेवल्यावर ते कोमट लागलं, तर त्या दिवशीची तपासणी रद्द करून परत फिरावं.

आमचं बॉनेट गार होतं. गाडी सुरू झाली, धूर नाही. तापल्यावर देवास रोडवर चालवली. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, की टर्बो गाडीनं पाठीत धक्का द्यावा. ही नुसतीच 'हिस्स्' असा आवाज करत आळसावल्यासारखी वर चढली. मागे पाहणाऱ्या भाच्याला निळा धूर दिसला, पातळ पण न थांबणारा. पिवळा दिवा लागला. दलाल मागच्या सीटवरून म्हणाला, "देखा? टर्बो."

उस्तादांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन रॅम्प आणि भिंतीवर टांगलेले टायर. साठीचे गृहस्थ. बोलणं कमी. त्यांनी आधी इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केलं आणि स्कॅनर जोडला. मला वाटलं होतं ते लगेच कोड वाचतील. त्यांनी आधी दाबाचा आकडा पाहिला. इंजिन बंद असताना हवेच्या दाबाच्या सेन्सरनं बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवायला हवा. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं हा आकडा साडेनऊशे मिलिबारच्या आसपास येतो. मुंबईचा हजारावरचा इथं दिसला तर सेन्सरच खोटं बोलतो आहे. ९५० दिसले. "सेन्सर सच्चा है," ते म्हणाले. मग कोड. पी ०२९९, म्हणजे हवेचा दाब मागणीपेक्षा कमी.

इथं बहुतेक गॅरेजांमध्ये टर्बोवर शिक्कामोर्तब होतं. वास्तविक हा कोड इतकंच सांगतो की दाब कमी आहे. का कमी आहे, ते तो सांगत नाही. फाटलेला होज, सैल क्लिप, इंटरकूलरला गेलेली चीर, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा, वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) नीट बंद न होणं, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि हो, टर्बोसुद्धा. यातले पहिले काही भाग शेकड्यात किंवा थोड्या हजारांत सुटतात.

उस्तादांनी शागिर्दाला पाठवून गाडी पुन्हा फिरवली आणि लॅपटॉपवर आकडे नोंदवून घेतले. इंजिन १८०० मिलिबार मागत होतं, मिळत होते १३५० च्या आसपास. मग त्यांनी टेबलाखालून एक चीज काढली. पीव्हीसी पाइपचं झाकण, त्याच्या मधोमध बसवलेला मोटारसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर ते झाकण क्लिपनं आवळलं आणि कॉम्प्रेसरनं हवा भरू लागले, हळूहळू, गेजवर एक बारच्या खालीच ठेवत, कारण जास्त दिली तर सीलांवर ताण येतो. शागिर्द हातात साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन सगळ्या सांध्यांवर फवारत गेला. वरचे सांधे कोरडे राहिले. गाडी रॅम्पवर चढवली, खालून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजवर फवारा मारला आणि तिथं फेसाचा फुगा लिंबाएवढा झाला. होजच्या पोटाला बोटभर चीर. रिकामी उभी असताना ती मिटलेली, दाब आला की उघडणारी. भाचा टाळीच वाजवणार होता. दलालाचा चेहरा उतरला. टर्बोच्या नावावर त्यानं किंमत कमी केली होती आणि दोष निघाला होजमध्ये.

मला इथंच थांबायचा मोह झाला असता. उस्ताद थांबले नाहीत.

ही चीर किती दिवसांपासून असेल, असा त्यांचा पहिला प्रश्न. कारण हवा निसटते तेव्हा इंजिनाचा संगणक दाब पुरा करायला वेस्टगेट मिटवून टर्बोला आणखी जोरात फिरवतो. निसटणारी हवा भरून काढायला टर्बो आपल्या मर्यादेपलीकडे पळतो. म्हणजे ज्या गाडीत आज 'टर्बो गेला' हे खोटं आहे, त्याच गाडीत ते सहा महिन्यांनी खरं होऊ शकतं. ज्याला स्वस्तातला होज बदलायचा कंटाळा आला, त्याला पुढं लाखाचा टर्बो घ्यावा लागतो.

झाकण काढून त्यांनी टर्बोच्या तोंडात बॅटरी धरली. पंख्याचं मधलं नट दोन बोटांत धरून आधी आडवं हलवलं. थोडं हललं. हे चालतं; दांडा ऑइलवर तरंगणारा असल्यामुळे कोरड्या अवस्थेत आडवी ढिलाई असतेच, आणि तीच पाहून कित्येक चांगले टर्बो भंगारात गेले आहेत. पाती घराला लागत नाहीत ना, एवढं पाहायचं. मग त्यांनी नट आत-बाहेर ओढलं. ही ढिलाई जवळपास नसावीच, एक दशांश मिलिमीटरच्या आतच. इथं ती बोटाला जाणवली नाही. घराच्या भिंतीवर ओरखडा नाही. आत ऑइलचा पातळ लेप होता. तोही घाबरण्यासारखा नसतो, इंजिनातली वाफ त्याच वाटेनं परत येते. डबकं असतं तर वेगळी गोष्ट.

"अब इसको देखो," म्हणत त्यांनी मला जवळ बोलावलं. ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या पुढच्या कडा धारदार, चकचकीत असायला हव्यात. या कडा बोथट, खरखरीत झाल्या होत्या, पॉलिश कागदानं घासल्यासारख्या. त्यांनी भाच्याला एअर फिल्टर दाखवायला सांगितलं. कंपनीचा डबा नव्हताच. त्याजागी बाजारातला उघडा, शंकूसारखा फिल्टर, आवाज मोठा यावा म्हणून लावलेला. मूळ डब्याच्या स्क्रूंच्या जागा रिकाम्या. वायर बांधायच्या पट्ट्या नव्या. ही गाडी कोणीतरी 'रिमॅप' करून, ताकद वाढवून वापरली असणार आणि विकण्याआधी संगणक मूळ स्थितीत आणला असणार, असा उस्तादांचा अंदाज. सिद्ध करता येणार नाही, पण खुणा तशा होत्या.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकट असते आणि उन्हाळ्यात पिठासारखी उडते. २०२८ च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यानं शहराभोवतीचे रस्ते खणलेले, इंदूर रस्ता रुंद होतो आहे. धुळीला तोटा नाही. त्या धुळीचे कण टर्बोच्या पात्यांवर आदळून पुढं कुठं गेले? इंजिनात. तिसऱ्या गिअरमध्ये दिसलेला निळा धूर आम्ही होजच्या आनंदात विसरलो होतो. उस्ताद विसरले नव्हते. फाटलेल्या होजमुळे निळा धूर येत नाही.

त्यांनी चारही स्पार्क प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्या सिलिंडरला १२ बार, दुसऱ्याला साडेअकरा, तिसऱ्याला ९, चौथ्याला १२. तिसऱ्यात त्यांनी चमचाभर ऑइल ओतलं आणि पुन्हा मोजलं. ११. हा जुना, साधा आणि फार बोलका प्रयोग आहे. ऑइल पिस्टनच्या कडेनं उतरून रिंगांची फट तात्पुरती बुजवतं. ऑइल ओतून आकडा चढला तर झीज रिंगांची किंवा सिलिंडरच्या भिंतीची. चढला नाही तर व्हॉल्व्ह पाहायचे. इथं चढला.

म्हणजे टर्बो ठीकठाक होता, थोडा झिजलेला. इंजिन आतून गेलेलं होतं. दलाल ज्या दोषाचे पैसे कमी करायला तयार होता तो दोष नव्हताच, आणि जो होता त्याच्या दुरुस्तीला इंजिन पूर्ण उघडावं लागलं असतं. त्याला हे ठाऊक होतं का, मी विचारलं नाही. कदाचित त्यालाही कोणीतरी 'टर्बो गया' एवढंच सांगितलं असेल.

* * *

हे सगळं मिळून अर्धा दिवस गेला. उस्तादांनी जे आकारले ते ऐकून मी त्यांना थोडे जास्त दिले आणि त्यांनी थोडे परत केले. जुनी टर्बो गाडी घेताना हा अर्धा दिवस आणि हे पैसे कोणी खर्च करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन लोक येतात, टायरची तारीख वाचतात, सीटकव्हर उचलून बघतात. ऑइलची बिलं मागत नाहीत. बिलावर किती किलोमीटरला बदललं आणि कुठल्या दर्जाचं घातलं, एवढ्या दोन गोष्टी वाचल्या तरी टर्बोच्या तब्येतीचा निम्मा अंदाज येतो. आमच्या दलालाकडे दहा वर्षांच्या गाडीची दोन बिलं होती, आणि दुसऱ्यावर ऑइलचा दर्जा लिहिलेलाच नव्हता.

पूर्ण ताकदीची चाचणी भर रस्त्यावर करू नये, हेही सांगायला हवं. इंदूरपलीकडे पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. या गाड्यांची खरी जागा तसल्या ट्रॅकवर. पण सामान्य ग्राहकाला तिथं जायची गरज नाही. मोकळ्या रस्त्यावर, सकाळी, तिसऱ्या गिअरात, वेगमर्यादेत राहून नोंदवलेले दहा सेकंदांचे आकडे पुरतात. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब या दोन रेषा एकमेकींबरोबर चालल्या की टर्बोवरचा संशय बराच कमी होतो. नाही चालल्या तर साबणाचं पाणी आहेच.

भाच्यानं दलालाला सगळे आकडे दाखवले. दलालानं आणखी तीस हजार कमी करायची तयारी दाखवली. भाच्यानं नाही म्हटलं. उस्तादांनी तेवढ्यात दलालाला बजावलं, की कोणाला विकलीस तरी आधी होज बदल आणि खरा एअर फिल्टर लाव, नाहीतर पुढच्या घेणाऱ्याच्या पदरात टर्बोही पडेल. दलालानं मान डोलावली आणि नव्या होजची किंमत विचारली.

भाचा सध्या रतलामच्या एका माणसाशी बोलतो आहे. पहिल्याच मालकाची गाडी, सगळी बिलं फायलीत. गाडी दिसायला साधी आहे आणि तिच्यात त्याला हवा तो लाल रंग नाही. रविवारी उस्ताद त्यांचं पीव्हीसीचं झाकण घेऊन बरोबर जाणार आहेत.